उघडीप कोणासाठी?

गणपती उठले, पितृपक्ष सरत आला आणि पुण्यावरचे काळे ढग पांढरे पडू लागले की आमच्या धर्मग्रामातील घराघरांत एक हंगाम सुरू होतो. हा हंगाम शेतीचा नव्हे, बेतांचा. भिंतीवरचे कॅलेंडर उतरवून जेवणाच्या टेबलावर पसरले जाते, मुलांच्या सुट्ट्या आणि थोरल्यांच्या रजा यांची सांगड घातली जाते. कोणी गोव्याच्या गाडीचे आरक्षण पाहतो, कोणी वेलंकनीचा नवस फेडायचे ठरवतो, कोणाचा आखातातला भाऊ डिसेंबरात येणार असतो. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर थांबून आम्हांलाही विचारले जाते, "फादर, तेव्हा पाऊस नसेल ना?" जणू काही धर्मगुरूचे वेधशाळेत वजन असते.

प्रश्न साधा आहे. त्यात वावगे काही नाही. चार माणसांचे कुटुंब वर्षभर पैसा पैसा बाजूला टाकते, मोठ्या मिनतवारीने पाच दिवसांची रजा मिळवते, आणि ते पाच दिवस हॉटेलच्या खोलीत ओले कपडे वाळत घालण्यात जावेत असे कोणाला वाटेल? तरीही या साध्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे, आणि तो हवामानाचा नसून नीतीचा आहे असे आम्हांस वाटत आले आहे. 'चांगले हवामान' असे आपण म्हणतो तेव्हा ते कोणासाठी चांगले असते?

प्रथम हवामानाचेच पाहू. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली आणि त्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला जुने पुणेकर अजूनही 'सिमला ऑफिस' म्हणतात. मुख्यालय पुढे दिल्लीला गेले. पण पावसाचा अभ्यास पुण्यातून गेला नाही. उष्णकटिबंधीय हवामानाचा अभ्यास करणारी संस्था १९६२ पासून पुण्यातच आहे. त्यामुळे पावसाविषयी अधिकारवाणीने बोलणे, आणि अंदाज चुकला की वेधशाळेची थट्टा करणे, हे दोन्ही पुणेकरांचे वंशपरंपरागत हक्क आहेत. असो. पणजीला वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. नैर्ऋत्येकडून समुद्राचे बाष्प घेऊन येणारे वारे थांबले आणि ईशान्येकडून जमिनीवरचे कोरडे वारे वाहू लागले की कोकण-गोव्याचा किनारा नोव्हेंबरपासून मे महिन्याच्या मध्यापर्यंत बहुतेक कोरडा राहतो. हेच ईशान्येचे वारे मात्र बंगालच्या उपसागरावरून जाताना बाष्प गोळा करतात आणि ऑक्टोबर ते डिसेंबरात तमिळनाडूच्या किनाऱ्यावर रिते होतात. म्हणजे ज्या महिन्यात गोव्याला छत्री लागत नाही, त्याच महिन्यात वेलंकनीला ती विसरून चालत नाही. आईच्या एकाच देशात दोन किनाऱ्यांचे 'चांगले दिवस' वेगळे आहेत.

शिवाय तारखाही पूर्वीच्या राहिल्या नाहीत. २०१९ साली मान्सूनने परतीचा प्रवास सुरू केला तोच मुळी ९ ऑक्टोबरला. नोंदी ठेवल्या जाऊ लागल्यापासून इतका उशीर कधी झाला नव्हता. पुढच्याच वर्षी हवामान खात्याने आगमनाच्या आणि परतीच्या सरासरी तारखा नव्याने मांडल्या. मुंबईतून पाऊस जाण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. २०२५ साली तर मान्सून २४ मे रोजीच केरळात उतरला आणि आंबे संपण्याआधी पुण्यात येऊन थडकला. मे महिन्याची सुट्टी शेवटच्या आठवड्यात ठरवणाऱ्यांचे त्या वर्षी काय झाले ते सांगायला नको.

मग बेत आखणे हाच श्रद्धेचा अभाव म्हणायचा का? काही भाविक मंडळी तसे बोलतात: "देवावर सोडावे, इतके हिशेब कशाला?" हे ऐकायला गोड आहे, पण ख्रिस्तसभेची शिकवण अशी नाही. संत थॉमस अक्विनास यांनी दूरदृष्टीला विवेक या सद्गुणाचा प्रमुख भाग मानले आहे. आणि चिंतेविषयी लिहिताना ते ऋतूंचेच उदाहरण देतात: उन्हाळ्यात कापणीची काळजी करावी, शरद ऋतूत द्राक्षांच्या तोडणीची, उन्हाळ्यातच द्राक्षांची काळजी वाहू लागणारा माणूस पुढच्या काळाचे ओझे विनाकारण आज उचलतो. काळजी वाहूच नये असे ते म्हणत नाहीत. ज्या त्या काळजीला जो तो काळ नेमून देतात. खुद्द प्रभू येशूने संकटकाळाविषयी बोलताना, तुमचे पलायन हिवाळ्यात घडू नये म्हणून प्रार्थना करा, असे शिष्यांना सांगितले. पॅलेस्टाइनमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो हे ध्यानात घेतले म्हणजे या सांगण्यातील वत्सलता कळते. चिखलात पळणाऱ्या बायाबापड्यांची आणि लेकुरवाळ्यांची प्रभूला काळजी आहे. धर्मगुरूंनी हवामानशास्त्राची सेवाही काही थोडी केलेली नाही. हवानाच्या वेधशाळेतील फादर बेनितो व्हिन्येस यांनी १८७५ साली, आणि मनिलाच्या वेधशाळेतील फादर फेदेरिको फौरा यांनी १८७९ साली येणाऱ्या चक्रीवादळांची आगाऊ सूचना दिली. दोघेही येशूसंघीय. आकाश वाचणे हे त्यांनी देवाच्या कामात ढवळाढवळ मानले नाही, शेजाऱ्यावरचे प्रेम मानले.

तेव्हा कॅलेंडर पाहणे हे पाप नाही. संत याकोब आपल्या पत्रात, अमुक शहरी जाऊ, वर्षभर राहू, व्यापार करू, असे छातीठोकपणे म्हणणाऱ्या व्यापाऱ्यांना खडसावतो, पण 'जाऊ नका' असे तोही म्हणत नाही. 'प्रभूची इच्छा असेल तर' हे शब्द त्या बेताला जोडा, एवढेच त्याचे मागणे आहे. आमच्या आज्या पत्राच्या शेवटी हे शब्द न चुकता लिहीत. आता पत्रेच गेली, आणि आरक्षणाच्या अर्जावर त्या शब्दांसाठी रकाना नसतो.

अडचण खरी सुरू होते ती पुढे, जेव्हा बेत प्रार्थनेत उतरतो. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या आरंभी, एकाच रविवारी, मिस्सेच्या उद्देशांच्या आमच्या वहीत दोन नोंदी झाल्या. एक कुटुंब दसऱ्याच्या सुट्टीत गोव्याला निघाले होते. वृद्ध आईला प्रथमच समुद्र आणि जुन्या गोव्याची चर्चेस दाखवायची होती. 'प्रवासात पाऊस न लागो' हा त्यांचा उद्देश होता. दुसरी नोंद एका बाईंची. त्या पुण्यात घरकाम करीत. भाऊ नगरकडे तीन एकर कोरडवाहू शेती करी. सबंध सप्टेंबर कोरडा गेला होता, हस्ताचा पाऊस आला तरच ज्वारी पेरता येणार होती. 'पाऊस यावा' हा त्यांचा उद्देश. दोन्ही नोंदी एकाखाली एक, एकाच शाईत. आणि वर्षाच्या त्या दिवसांत गोव्यावरचा ढग व नगरवरचा ढग यांचे नाते किती जवळचे असते हे शाळेत भूगोल शिकलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

रोमन मिस्साग्रंथात नाना गरजांसाठीच्या प्रार्थना आहेत. त्यांत पावसासाठी एक आहे, उघडिपीसाठी एक आहे, वादळ शमावे म्हणूनही एक आहे. शतकानुशतके माणसांनी दोन्ही मागितले आणि ख्रिस्तसभेने दोन्ही मागण्या शेजारी शेजारी छापल्या. पण उघडिपीची प्रार्थना कोणाच्या तोंडी शोभते? कापणीला आलेले पीक शेतात कुजत आहे, नदीचे पाणी वस्तीत शिरले आहे, कोळ्याची होडी दहा दिवस किनाऱ्यावर उलटी पडून आहे, अशांच्या तोंडी. 'उघडीप' हा शब्दच शेतकऱ्याचा आहे. पाऊस हवा म्हणून आभाळाकडे पाहणारा तोच माणूस खुरपणीसाठी चार दिवस उघडीपही मागतो. म्हणजे कोरडे दिवस मागणे मुळात स्वार्थी नव्हे. ते गरजेपोटी आहे की हौसेपोटी, हे पाहायला हवे.

इथे आमचे एक सुशिक्षित धर्मग्रामवासी आम्हांला अडवतात. ते म्हणतात, "फादर, काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला ही काय उपासमार होती? हौसेचीच गोष्ट ना? तरी मातेने मागितले आणि प्रभूने दिले." आक्षेप बिनतोड आहे. देवाला लहान मागण्यांची लाज वाटत नाही. लग्नघरची अब्रू ही त्याच्या लेखी क्षुल्लक बाब नव्हती. म्हणून गोव्याला निघालेल्या त्या कुटुंबाची मागणी हसण्यावारी नेण्याचा अधिकार आम्हांला नाही. मात्र कानाच्या त्या सहा रांजणांकडे नीट पाहावे. ते पाण्याने भरले गेले आणि त्या पाण्याचा द्राक्षारस झाला. शेजारच्या घरातला रांजण त्यासाठी रिता झाला नाही. त्या मागणीने कोणाचे काही घेतले नाही. कोरड्या आकाशाची मागणी तशी नसते. आकाश सर्वांचे एकच आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या आपल्या परिपत्रकात हवामान ही सर्वांची सामाईक ठेव आहे असे प्रतिपादले, ते बहुतांशी मोठमोठ्या उद्योगांना आणि राष्ट्रांना उद्देशून आहे असे समजून आपण पान उलटतो. आम्हांस वाटते, ते आमच्या उद्देशांच्या वहीलाही लागू आहे.

त्या रविवारी आम्ही पावसासाठी प्रार्थना केली, आणि प्रवासाला निघालेल्यांसाठी ते सुखरूप जावेत-यावेत एवढी. दोन्ही कुटुंबे बाकांवर बसलेली होती. मिस्सेनंतर म्हातारी आईच पुढे आली आणि त्या बाईंना विचारू लागली, "तुमच्याकडे ज्वारी की बाजरी?" तिचे माहेर राहुरीकडचे निघाले.

मराठी भाषेपुरते बोलायचे तर 'कोरडा' हा शब्द आपल्याकडे कधी सुखाचा नव्हता. कोरडा दुष्काळ, कोरडी विहीर, कोरडे शब्द, कोरडी सहानुभूती. जाहिरातीतील 'ड्राय सीझन' या शब्दाला सुखाचा वास आहे, तो ज्यांच्या घरी नळाला पाणी येते त्यांच्यासाठी. सह्याद्रीच्या पूर्वेकडे हेच महिने टँकरकडे सरकत जातात. आणि या महिन्यांत प्रवास करणारे केवळ सुट्टीकर नसतात. दसरा-दिवाळी झाली की बीड-नगरकडची हजारो कुटुंबे ट्रकमध्ये आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या, लहान मुले घालून पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. ऊसतोडीचा हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. त्यांचाही प्रवास कोरड्या हंगामाला बांधलेला आहे, कारण पावसात उसाच्या फडात गाडी जात नाही. पुणे-सातारा रस्त्यावर डिसेंबरातल्या एखाद्या पहाटे आपली बस आणि त्यांची ट्रॉली शेजारी शेजारी धावतात. दोघांनीही एकच कॅलेंडर पाहिलेले असते. एकाने महिना निवडलेला असतो, दुसऱ्याला महिन्याने निवडलेले असते. ही निवड करता येणे हीच केवढी मोठी मिळकत आहे, हे आमच्या प्रवचनांत फारसे येत नाही.

कोरडा हंगाम ही एक सरासरी आहे हेही विसरता कामा नये. सरासरीवर प्रवासी पैज लावतो. समुद्रावर जगणारा जीव लावतो. ३० नोव्हेंबर २०१७ रोजी कन्याकुमारीजवळून गेलेल्या ओखी वादळाने त्रिवेंद्रम ते कन्याकुमारीच्या किनाऱ्यावरचे शेकडो मच्छीमार नेले. त्यांतले बहुतेक कॅथोलिक. होड्या अनेक दिवसांसाठी खोल समुद्रात गेलेल्या, आणि इशारा पोहोचेपर्यंत उशीर झालेला. तेच वादळ वर सरकत आले तेव्हा, संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाच्या सुमारास, गोव्याच्या किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये समुद्राचे पाणी शिरले, आणि ५ डिसेंबरला मुंबईतल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पुण्यातही तेव्हा भुरभुर पाऊस होता. सहल बिघडलेल्यांची कुरकुर आणि त्या किनाऱ्यावरच्या चर्चेसमधल्या मृतांसाठीच्या मिस्सा एकाच आठवड्यातल्या. कुरकुर करणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांना बातमीच पुरती कळली नव्हती. पण कळल्यावर तरी कुरकुरीचा सूर बदलावा.

वेलंकनीविषयी एक गोष्ट येथेच लिहून टाकतो, कारण ती लिहिणे जड जाते. २६ डिसेंबर २००४, नाताळचा दुसरा दिवस, रविवार. पाऊस नव्हता, वादळ नव्हते. समुद्र आत आला आणि किनाऱ्यावरचे शेकडो यात्रेकरू गेले. मंदिरात पाणी शिरले नाही याचा त्या वेळी मोठा गवगवा झाला. देवाने भिंती वाचवल्या आणि भक्त वाचवले नाहीत असे सांगणारा चमत्कार आम्हांला आमच्या लोकांपुढे मांडवत नाही. चांगला दिवस पाहून निघालेल्यांना देवाने शिक्षा केली असेही आम्ही कोणाला म्हणू देणार नाही. निवडलेला दिवस चांगला असणे आणि तो दिवस सुरक्षित असणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर माणसाच्या बेतात मावत नाही.

ज्या संताच्या दर्शनाला आपण गोव्याला जातो त्याचा प्रवास कसा झाला? संत फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून निघाले. पोर्तुगालची जहाजे वसंतात निघत, म्हणजे आफ्रिकेला वळसा घालून मान्सूनच्या वाऱ्यावर स्वार होऊन हिंदुस्थानचा किनारा गाठता येई. त्यांच्या जहाजाला उशीर झाला, वारा हुकला, आणि मोझांबिकला सुमारे सहा महिने अडकून पडावे लागले. गोव्याला ते ६ मे १५४२ रोजी पोहोचले. तेरा महिने लागले. त्या सहा महिन्यांत त्यांनी काय केले हे आमच्या मते त्यांच्या चरित्रातले फार महत्त्वाचे पान आहे. अनुकूल वाऱ्याची वाट पाहत ते नुसते बसले नाहीत. जहाजावरच्या आजाऱ्यांची तिथल्या रुग्णालयात सेवा करीत राहिले, स्वतः तापाने पडेपर्यंत. ज्याला आपण 'फुकट गेलेले दिवस' म्हणतो ते त्यांनी असे वापरले. पुढे फादर थॉमस स्टीफन्स ४ एप्रिल १५७९ ला लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. त्यांना वाऱ्याने इतके रखडवले नाही, आणि मराठीला ख्रिस्तपुराण मिळाले. झेवियर यांचा अंतही वाट पाहण्यातच झाला. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यासमोरच्या सांचियान बेटावर, पलीकडे नेणाऱ्या होडीची वाट पाहत असताना. ती आलीच नाही.

त्यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन दर दहा वर्षांनी गोव्यात होते; गेल्या वेळी ते २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असे होते. लाखो लोकांच्या रांगा उघड्यावर उभ्या राहणार, तेव्हा कोरडे दिवस निवडणे हा शहाणपणाच होता. आम्हीही आमच्या लोकांसह त्याच दिवसांत गेलो. वाऱ्याने तेरा महिने झुलवलेल्या माणसाच्या पायाशी आपण हवामानाचा अंदाज पाहून, परतीचे तिकीट खिशात ठेवून पोहोचतो, यातली विसंगती रांगेत उभे असताना मनात आल्यावाचून राहिली नाही.

प्रेषितांच्या कृत्यांतील सत्ताविसावा आणि अठ्ठाविसावा अध्याय प्रवासाला निघण्यापूर्वी घरात वाचावेत असे आम्ही सुचवतो. उपवासाचा दिवस उलटून गेला होता, समुद्रप्रवासाचा काळ संपत आला होता. पौलाने इशारा दिला, पण शताधिपतीने तांडेलाचे आणि जहाजमालकाचे ऐकले. बंदर हिवाळा काढण्यास गैरसोयीचे वाटले म्हणून बहुमताने पुढे जायचे ठरले. सोयीसाठी! मग वादळ, आणि २७६ जणांचे ते जहाज माल्ताच्या किनाऱ्यावर फुटले. पुढची ओळ मात्र आम्हांला अधिक प्रिय आहे. पाऊस लागला होता, गारठा होता, म्हणून बेटावरच्या लोकांनी शेकोटी पेटवून सर्वांना जवळ घेतले. माल्तावासीयांचा चांगुलपणा जगाला कळला तो पावसामुळे. कोरड्या हंगामात, पैसे मोजून आलेल्या २७६ प्रवाशांना तो कदाचित दिसलाही नसता; त्यांना खोल्या मिळाल्या असत्या.

आमच्या गोव्याच्या ओळखीचेही असेच झाले आहे. वर्षाचा अर्धा भाग आपण पाहिलेलाच नाही. २४ जूनला, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या सणाला, पानाफुलांचे मुकुट घालून तरुण भरल्या विहिरींत उड्या मारतात. तो सण पावसावाचून होऊच शकत नाही. जून-जुलैमध्ये यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, समुद्राला विसावा मिळतो. ऑगस्टात भाताची नवी कणसे वेदीवर आशीर्वादासाठी येतात. त्या दिवसांत गोवा पाहुण्यांसाठी नटलेला नसतो. घरच्या कपड्यांत असतो. डिसेंबरात त्याच घरांना स्वतःच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला जायला आपल्या मोटारींच्या गर्दीतून वाट काढावी लागते. अर्थात शॅकवरचा पोऱ्या, खोल्या झाडणारी बाई, भाड्याची मोटार चालवणारा, यांची वर्षाची कमाई याच महिन्यांत होते, तेव्हा कोरड्या दिवसांत जाऊच नये असे म्हणणे हा शहाणपणाचा आव होईल.

पावसात जाण्यानेही सगळे आपोआप पवित्र होत नाही. लोणावळ्याच्या आणि मावळातल्या वर्षासहलींत पाऊसही तमाशासारखा पाहिला जातो; १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा जुना पूल गर्दीच्या भाराने इंद्रायणीत कोसळला आणि चार माणसे गेली. आपल्या शेजाऱ्यांच्या परंपरांत मात्र पावसाळ्याचा फार गंभीर विचार झालेला आहे. गौतम बुद्धाने भिक्षूंना पावसाचे महिने एका जागी राहण्याचा नियम घालून दिला, कारण चालताना कोवळे गवत आणि लहान जीव पायाखाली चिरडले जात. प्रवाशाच्या सोयीसाठी नव्हे, पायाखालच्या जिवांसाठी प्रवास थांबवला. आणि आषाढी वारीसाठी पुण्यातून जाणाऱ्या पालख्या! तुकोबांची पालखी नाना पेठेत मुक्काम करते, ज्ञानोबांची भवानी पेठेत. आमचे सिटी चर्च तिथून फार दूर नाही. वारकरी पाऊस टाळून निघत नाही. शक्य तर पेरणी उरकून निघतो, आणि वाटेत पाऊस लागला तर त्याला मागे राहिलेल्या शेताचा आनंद होतो. आपल्या हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेलाही सप्टेंबरच्या चिखलातून येणारी माणसे आहेत. पाऊस झाला तर "माउलीनं दिलं" असे म्हणत ती भिजतात.

आणखी एक बाब, धर्मगुरू म्हणून खटकणारी. उष्ण प्रदेशातले कोरडे दिवस आणि आपला आगमनकाळ व नाताळ एकाच वेळी येतात. अलीकडे २३ डिसेंबरला आमचे गायनमंडळ अर्धे होते. गव्हाणीच्या देखाव्याला हात कमी पडतात. त्याचे आम्ही निभावून नेतो. परंतु नाताळच्या दिवशी ख्रिस्तप्रसाद घेऊन आजाऱ्यांच्या घरी जातो तेव्हा दोन-तीन दारे अशी असतात की आत एकटे वडील किंवा एकटी आई असते, टेबलावर आणलेला केक झाकून ठेवलेला असतो, आणि "मुले गोव्याला गेलीत, फादर, हवा चांगली असते ना आता" असे सांगताना आवाज मुद्दाम आनंदी ठेवलेला असतो. तिकिटे २८ तारखेची काढली असती तरी हवा तितकीच चांगली असती.

या वर्षीही विचारणा सुरू झाली आहे. आमच्या संघटनेच्या बैठकीत गोव्याच्या सहलीचा विषय निघाला तेव्हा आम्ही जानेवारीचा दुसरा आठवडा सुचवला. गर्दी ओसरलेली असते, भाडी उतरलेली असतात, आणि शाळांची अडचण दोनच कुटुंबांना आहे. सहा दिवसांच्या बेतात एक दिवस रिकामा ठेवावा, त्या दिवशी पाऊस आला तर येऊ द्यावा, न आला तर जिथे उतरलो आहोत त्या घरच्या माणसांशी बोलत बसावे, असेही ठरले. नगरकडच्या त्या बाईंचे नाव यादीत पहिले आहे. त्यांचे पैसे कोणी भरले ते आम्हांला ठाऊक आहे, परंतु सांगू नये अशी ताकीद आहे. त्यांनी समुद्र अजून पाहिलेला नाही. भावाची ज्वारी तोवर हुरड्याला आलेली असेल, म्हणून जाताना सोबत हुरडा घेऊ का, असे त्यांनी विचारले आहे.